लेलेबाई, तुमचं मांजर निर्दोष आहे

लेलेबाई,

हे मी तुमच्याच खोलीत बसून लिहितोय. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ, तुमच्या लोखंडी पलंगावर. तुमचा भाचा अतुल पुण्याहून येऊन पुस्तकं आणि भांडी घेऊन गेला, पण पलंग काही जिन्यात वळेना, म्हणून तो राहिला. तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. मी या अख्ख्या घराचा मालक, आणि भाडेकरूच्या रिकाम्या खोलीत उशी-चादर घेऊन राहायला आलोय. का, ते सांगायला थोडा वेळ लागेल. तुम्हाला आता घाई नाही. मलाही नाही, कारण आठ दिवस खाली पाय ठेवायचा नाही असं मंदाने, सख्ख्या बायकोने, बजावलंय.

परवा तुमच्या शोकसभेला शाळेतली माणसं आली होती. एकेक उठून बोललं. बाई शिस्तीच्या, बाई प्रेमळ, बाईंनी कधी कोणाचं मन दुखावलं नाही. हे ऐकून मी खुर्चीत चुळबुळ करायला लागलो. कोणाचं मन दुखावलं नाही? माझं तर सहा वर्षं रोज दुखावत होतात. जिन्यात भेटलात की माझ्या शर्टाचं बटण, माझी चप्पल काढायची जागा, माझा गळका नळ, माझा पाण्याचा पंप सुरू करण्याचा वेळ, सगळ्यात चूक काढायचात. मी कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होतो, एक नटबोल्ट कधी इकडचा तिकडे झाला नाही, आणि तुम्ही मला म्हणालात, 'पाटील, तुमच्या जिन्यात झाडू कुठे ठेवायचा याला काही ठरलेली जागा नाही.' मी दोन दिवस जेवलो नीट नाही.

तेव्हा मी काही तुमचं गुणगान करायला बसलेलो नाही. तुम्ही हट्टी होतात. आणि आपलं मोठं भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात, याचा मला राग आहे. मांजर शाकाहारी असू शकतं की नाही? तुम्ही म्हणायचात, असू शकतं. मी म्हणायचो, मांजर शाकाहारी असेल तर मी दिल्लीचा बादशहा. सहा वर्षं हेच चाललं होतं. आता निकाल लागलाय, आणि ऐकायला तुम्ही नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला चांगला आठवतो. हातात वेताची टोपली, वर पांढरं फडकं बांधलेलं. मला वाटलं आंबे आहेत. 'खोली बघायला आलेय,' तुम्ही म्हणालात, आणि आंबे शिंकले.

'त्यात काय हाय?' मंदाने विचारलं.

'इन्स्पेक्टर,' तुम्ही म्हणालात. फडकं सोडलंत. आतून एक पिवळट बोका निघाला. आमच्याकडे न बघता तो ओट्याखाली गेला, शिडीमागे गेला, मीटरच्या पेटीखाली गेला, सगळीकडे नाक लावून परत येऊन बसला. तुम्ही समजावून सांगितलंत की नोकरीच्या काळात शाळा तपासायला जे साहेब यायचे ते अगदी असेच करायचे. सगळं हुंगायचे आणि काही न बोलता निघून जायचे. म्हणून हे नाव.

मंदाने फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'खोली भाड्याने देणे आहे. जनावर चालणार नाही.' माझ्याच हातची पाटी.

'ती वाचूनच आत आले,' तुम्ही म्हणालात. 'सगळीकडे हीच पाटी आहे हो.'

मग तुम्ही तुमची कथा सांगितलीत. सानपाड्याचे जुने मालक वारले, त्यांच्या मुलाने रंगकाम काढलं आणि रंगासोबत मांजरही काढायला सांगितलं. उलव्याला नव्या टॉवरमध्ये दलाल आधी खूश होता. एकट्या बाई, निवृत्त शिक्षिका, शुद्ध शाकाहारी, पेन्शन चालू. 'मॅडम, तुमच्यासारखा भाडेकरू शोधून सापडत नाही.' मग टोपली शिंकली. माझी मुलगी त्याच उलव्यात भाड्याने राहते. तिच्या मालकाने मासळी तळायची नाही असं कागदावर लिहून घेतलंय. म्हणजे तुम्हाला मांजरामुळे जागा नाही आणि आम्हाला मासळीमुळे. या शहरात घर हवं तर माणसाने काही खाऊ नये आणि काही पाळूही नये.

पण आमचंही कारण होतं, बाई. आम्ही इथल्या बोनकोडे गावची मूळची माणसं. शेती गेली, मिठागरं गेली, शहर आलं आणि गाव सगळं घरमालक झालं. बाकी काही राहिलं नाही, पण मंदाची सुकी मासळी राहिली. मंदा उरणकडची. पावसाळ्याआधी तिचा भाऊ ओले बोंबील पाठवतो, आणि दीड-दोन आठवडे आमच्या गच्चीवर दोऱ्यांना बोंबील लटकतात. कोणाला ठाऊक नसेल तर सांगतो, बोंबील दोरीला बांधत नाहीत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक अलीकडे, एक पलीकडे. मंदा एका दोरीवर वीस जोड्या लावते, आणि दर चार दिवसांनी मोजते. अशा घरात मांजर म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

'बाई, वर आमचं म्हावरं वालतं,' मंदा म्हणाली. 'मांजार नाय चालनार.'

'तो मासे खात नाही.'

मंदा इतकी हसली की जिन्याच्या पायरीवर बसली. 'मग खातो काय?'

'दूधभात. पोळी. थोडं वरण. चतुर्थीला माझ्यासोबत चंद्र दिसेपर्यंत थांबतो.'

माझा तुमच्यावर अजिबात विश्वास बसला नाही. पण एकसष्ट वर्षांची बाई भर दुपारी टोपली घेऊन दारोदार फिरतेय हे मला बघवेना. मी मंदाकडे बघितलं, मंदाने माझ्याकडे. आमची अडचण तुम्हीच सोडवलीत. छापील करार मागितलात, पेन काढलंत आणि आठव्या कलमाखाली तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात नववं लिहिलंत. 'भाडेकरूच्या मांजराने घरमालकाची सुकी मासळी खाल्ल्यास, व ते सिद्ध झाल्यास, भाडेकरू आठ दिवसांत जागा सोडील.'

'सिद्ध झाल्यास' हे मी घालायला सांगितलं नव्हतं. ती तुमची मास्तरकी. वकिलाने तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, 'पाटील, सगळं ठीक आहे ना घरी?'

पहिल्या उन्हाळ्यात बोंबील वर लागले आणि तुम्ही स्वतःच रखवालीला बसलात. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. 'आमच्यावर संशय आहे, तर आम्हीच राखू,' म्हणालात. गच्चीवर खुर्ची टाकून, काळी छत्री उघडून, नाकाला निलगिरीचं तेल लावलेला रुमाल धरून. मांडीवर इन्स्पेक्टर. जन्मात कधी मासळीला बोट न लावलेली बाई हातातल्या फूटपट्टीने कावळे हाकलत बसलीय, हे बघायला शेजारच्या गच्चीवर बायका जमायच्या. मंदा म्हणायची, 'असा राखनदार पैसे देऊन मिलनार नाय.' एकही बोंबील कमी भरला नाही. मी म्हणालो, पहिलं वर्ष आहे, चोर अंदाज घेतोय.

आता पुढचं सांगायला हवं. ते मी पंधरा दिवसांपूर्वी सांगायला हवं होतं, खरं तर चार वर्षांपूर्वीच.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझा बीपी वाढला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी, लोणचं बंद, पापड बंद, सुकी मासळी तर डोळ्यांनीसुद्धा बघायची नाही. मंदाने ते लगेच मनावर घेतलं. डॉक्टरांनी जे सांगितलं नव्हतं तेही बंद केलं. मला दुधी सुरू झाला. बाई, मी बोनकोड्यात जन्मलेला माणूस, आणि माझ्या डोक्यावर, माझ्याच गच्चीवर, माझ्याच दोरीवर बोंबील वाळतायत, त्याचा वास जिन्यातून खाली येतोय, आणि ताटात पांढरा दुधी. तुम्ही दुधी आवडीने खायचात, तुम्हाला हे कळणार नाही.

तुम्ही रोज साडेतीनला चहा करायला खाली जायचात. बरोबर वीस मिनिटं. जाताना इन्स्पेक्टरला खुर्चीवर बसवून म्हणायचात, 'लक्ष ठेव हं.' त्या वीस मिनिटांत मी वर जायचो. पाण्याच्या टाकीमागे मी जुनं धूपदान ठेवलं होतं, त्यात दोन निखारे. वास लपवायला वर चिमूटभर ऊद. मंदाला वाटायचं, निवृत्तीनंतर नवरा देवाला लागला.

मी फक्त एकच खाणार होतो, शपथेवर सांगतो. पण एक काढला की जोडीतला दुसरा खाली पडतो. पडलेला दिसला की चौकशी होणार. म्हणून दुसराही खावा लागायचा. असं चार दिवस चाललं, कधी एक जोडी, कधी दोन. तुमचा इन्स्पेक्टर खुर्चीवर बसून माझ्याकडे टक लावून बघायचा. मी त्याला एकदा शेपटाकडचा तुकडाही दिला, म्हटलं याला भागीदार करून घेऊ. त्याने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. मी तेव्हाच हरलो होतो, पण कबूल केलं नाही.

चौथ्या दिवशी मंदाने मोजदाद केली आणि गच्चीवरून हाक मारली. ती हाक खैरण्याच्या स्टेशनापर्यंत गेली असेल. सात जोड्या कमी होत्या.

'मांजरानंच खाल्लं!'

'शक्य नाही,' तुम्ही म्हणालात. 'तो खात नाही.'

'मांजार नाय खानार, कावला नाय खानार, मग काय मी खाल्लं?'

त्यावर तुम्ही दोघी क्षणभर माझ्याकडे बघितलंत. मी आकाशाकडे बघत होतो. त्या दिवशी आकाशात विमानसुद्धा नव्हतं.

तुम्ही दोरीजवळ गेलात, चष्मा वर केलात, आणि मोकळ्या जागा निरखून पाहिल्यात. मग मला विचारलंत, 'पाटील, मांजर जोडीने खातं का हो? एक ओढला असता तर दुसरा खाली पडला असता ना?'

मी म्हणालो, 'भूक लागली असेल.'

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तसं. मग वळलात. खाली गेलात, ट्रंक ओढलीत आणि पुस्तकं भरायला लागलात. मंदानेसुद्धा थोपवलं नाही. आठ दिवस म्हटले होते, तुम्ही त्याच संध्याकाळी निघणार होतात. मी जिन्यात उभा होतो आणि वरून ट्रंकेचा आवाज येत होता. तुम्हाला जागा कुठे मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. सानपाडा नाही, उलवे नाही, कुठेच नाही. खरं सांगायला तोंड उघडलं, पण खाली मंदा उभी होती, हातात ओला खराटा.

तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं? मी दारात येऊन म्हणालो, 'जाऊ द्या बाई. मुकं जनावर आहे. मी माफ केलं त्याला.'

तुमचे डोळे भरून आले. 'पाटील,' तुम्ही म्हणालात, 'असा मालक मिळायला नशीब लागतं.' आणि मी ते ऐकून घेतलं! मान डोलावून ऐकून घेतलं! लाज वाटली, पण ऐकून घेतलं. पुढे तुम्ही ते गल्लीत सांगितलंत, शाळेतल्या मैत्रिणींना सांगितलंत, वाण्याला सांगितलंत. परवाच्या सभेतही एका बाईंनी उठून सांगितलं की आमच्या लेलेबाईंचे घरमालक फार मोठ्या मनाचे. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. मी रुमालात तोंड लपवलं. त्यांना वाटलं मी रडतोय. थोडा रडतही होतो.

माफी दिली, पण मांजराचं नाव गेलं ते गेलंच. मंदाने नववं कलम काढू दिलं नाही. मांजराला ती 'चोरट्या' म्हणायला लागली, मग गल्लीतली पोरंही तेच म्हणायला लागली. पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात तुम्ही त्याच्या गळ्यात फीत बांधून ती खुर्चीच्या पायाला अडकवायचात. चतुर्थीला उपास करणारा तो बोका गुन्हेगारासारखा बांधलेला बसायचा आणि मला बघितलं की डोळे मिटायचा. मी चोरी थांबवली असं मी म्हणणार नाही, तुमच्याशी आता खोटं कशाला बोलू. कमी केली. मंदाने उतरवण्याआधीचं शेवटचं मोजून झालं की एखादी जोडी, आणि दोरीवरच्या बाकीच्या जरा सरकवून.

आणि तुम्ही ते बीपीचं मशीन आणलंत. माझ्यासाठी. दर सोमवारी सकाळी मला या खोलीत बोलावून, दंडाला पट्टा बांधून, वहीत आकडा लिहायचात. वर्षभर आकडा ठीक यायचा. मे महिन्यात हटकून वर जायचा.

'मे महिन्यात तुमचं वाढतं,' तुम्ही म्हणायचात.

'उन्हाने असेल,' मी म्हणायचो.

तुम्ही चष्म्यावरून बघायचात, वही मिटायचात आणि म्हणायचात, 'उन्हाने असेल.'

दोन वर्षांपूर्वी त्या आकड्यावरूनच तुम्ही मला ओढत दवाखान्यात नेलंत. मी कुरकुर करत होतो, पंप सुरू करायचाय म्हणून. तुम्ही म्हणालात, 'पाणी एक दिवस उशिरा येईल, माणूस परत येत नाही.' डॉक्टरांनी मंदाला सांगितलं, वेळेवर आणलंत. मंदाने तुमचे हात धरले होते. त्या दिवशीच सांगायला हवं होतं ना? मी पलंगावर पडून ठरवलंही होतं. मग तुम्ही डब्यात मऊ भात आणि दुधीची भाजी आणलीत, आणि माझा निश्चय ढळला.

आणि मग तुम्हीच गेलात. सोमवार होता. मी नऊला वर आलो, बाही वर करूनच. दार उघडं, चहाचा कप ठेवलेला, आणि तुम्ही खुर्चीत. मला वाटलं डुलकी लागलीय. इन्स्पेक्टर तुमच्या पायाशी बसला होता, हालतच नव्हता. सगळीकडे नाक खुपसणारा तो प्राणी, एका जागी. मी किती वेळ तसा बाही वर केलेला उभा होतो, मला माहीत नाही.

तुमच्यामागे तो एकटाच राहिला. अतुल चांगला मुलगा आहे, पण पुण्यात तोही भाड्याने राहतो आणि त्याच्या मालकाचीही तीच पाटी आहे. 'काका, एका संस्थेशी बोललोय,' तो म्हणाला, 'तिथे शंभर मांजरं आहेत, चांगलं बघतात.' शंभर मांजरांत दूधभात कोण देणार? चतुर्थी कोण पाळणार? मी म्हणालो, 'आमच्याकडे राहू दे.'

मंदाने तिथल्या तिथे नाही म्हटलं. 'बाई होत्या तवर गोष्ट येगली. परवा भाऊ म्हावरं पाठवतोय. चोरटं मांजार मी घरात घेनार नाय.'

'तो मासे खात नाही, मंदा.'

'सात जोड्या खाल्ल्या त्यानं! तुमीच माफ केलं ना?'

मी मान खाली घालून पंप सुरू करायला गेलो.

काल चार वाजता अतुल टोपली घेऊन आला. तीच, वेताची. तुमची शेवटची पिशवी त्याने गाडीत ठेवली आणि इन्स्पेक्टरला उचललं. तो निमूट टोपलीत बसला. अतुलने वरून फडकं बांधलं. फडक्याखालून एकदा शिंक आली, आणि बाई, मला तो पहिला दिवस दिसला. तुम्ही दारात उभ्या, घामाघूम, पाटी वाचूनसुद्धा आत आलेल्या.

'थांब,' मी म्हणालो. 'मंदा, ते बोंबील मी खाल्ले.'

'कोनते?'

'सातही जोड्या. आणि नंतरच्याही.'

मंदा हसली. 'मांजराला वाचवाया खोटं बोलताय तुमी.'

चार वर्षांनी एकदाचं खरं बोललो, तर बायको विश्वास ठेवेना! मी तिला गच्चीवर नेलं, टाकीमागचं धूपदान दाखवलं. त्यात राखेसोबत जुने काटे होते. ती म्हणाली, मांजरानं आणून टाकले असतील. मग मी चिडलो. 'भाज एक बोंबील आणि ठेव त्याच्यापुढे!'

तिने डब्यातला गेल्या वर्षीचा एक काढला, गॅसवर भाजला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ते तिने बघितलं. फडकं सोडलं, इन्स्पेक्टर बाहेर आला. त्याच्यापुढे ताटली ठेवली. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. त्याने बोंबलाला नाक लावलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी तपासणी केल्यासारखं. मग शिंकला, वळला, आणि आमच्या फ्रीजपाशी जाऊन बसला, जिथे दूध असतं तिथे.

मंदाने ताटली उचलली. मग खाली बसली. 'चार वर्सं मी त्या मुक्या जीवाला चोर बोलली,' ती म्हणाली. 'बाईला बोलली. बाईनं टरंक भरलेली, मी आडवली नाय.' आणि रडायला लागली. बाई, तुम्ही गेलात त्या दिवशी आलेल्यांना चहा करता करता रडायचं तिला जमलंच नव्हतं. ते सगळं काल आलं.

डोळे पुसून उठली आणि म्हणाली, 'करार काडा.'

मी कपाटातून काढला. 'नववं वाचा.' मी वाचलं.

'खाल्लं आनि सिद्द झालं. झालं ना? मग जागा सोडायची. आठ दिस.'

'अगं, ते कलम मांजरासाठी आहे.'

'मांजार काय तुमच्यापेक्षा कमी हाय? उलट तो उपास करतो.' तिने माझी उशी हातात दिली. 'तुमी वर जा. मांजार खाली राहील.'

अतुल चहा पिऊन रिकामी टोपली घेऊन पुण्याला गेला. हसू दाबून दाबून त्याचा चेहरा लाल झाला होता. तुमचंच नाक आहे त्याला.

तर अशी माझी हद्दपारी. सकाळी मंदा ताट घेऊन वर आली. दुधी. ताट ठेवून म्हणाली, 'यंदा रखवालीला तुमी बसायचं. छत्री तीच. आनि साडेतीनला मी सोता वर येनार.' तिच्या मागोमाग इन्स्पेक्टर आला, गळ्यात फीत नाही, मोकळा. त्याने पलंगाखाली बघितलं, कपाटात बघितलं, तुमच्या खुर्चीच्या जागी बराच वेळ हुंगलं. मंदा म्हणाली, 'चला सायेब, दूद घेऊया.' सायेब म्हणाली! तो तिच्यामागे गेला. फाटकावरची पाटीसुद्धा तिनेच उतरवून ठेवलीय. नव्या पाटीवर काय लिहायचं ते मला ठरवायला सांगितलंय.

भांडण तुम्ही जिंकलात, बाई. मांजर शाकाहारी असू शकतं. हे लेखी देतो. पण मला एक कळत नाही. जोडीने खातं का असं विचारलंत तेव्हा, आणि दर मे महिन्यात वही मिटताना, तुम्हाला माहीत होतं का? माहीत असून मला मोठ्या मनाचा म्हणत फिरलात का? मी कधीतरी तसा होईन, या आशेने? तुम्ही शिक्षिका होतात, तुमचा भरवसा नाही. विचारायला मी सहा वर्षं खालच्या मजल्यावर राहत होतो, आणि विचारलं नाही.

मशीन अतुलने माझ्यासाठी ठेवलंय. आज सोमवार आहे. मी आत्ता स्वतःच पट्टा बांधला, डाव्या हाताने जमत नाही नीट. आकडा वाढलेला आहे. वहीत तुमच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिला. समोर कोणी नाही, तरी सवयीने तोंडून निघालंच, उन्हाने असेल.

नाही, बाई. उन्हाने नव्हतं.